रॅमभाऊ

लॅपटॉप घ्यायचा तर देवगाव रंगारीचा माणूस संभाजीनगर गाठतो. पण त्याआधी तो रॅमभाऊंना गाठतो. रॅमभाऊ हे एकाच माणसाचं नाव नव्हे. कन्नडला एक आहेत, वैजापूरला दोन आहेत आणि त्या दोघांचं आपसात बोलणं नाही, कारण एक इंटेलचे आणि दुसरे एएमडीचे. आमचे रॅमभाऊ निःपक्ष आहेत. ते दोन्हींतली खोट सांगतात.

शिक्षण म्हणाल तर एमएस-सीआयटी, तीही त्या कोर्सच्या पहिल्या काही वर्षांतली. पुढचं सगळं यूट्यूबवर. ओसरीवर खुर्ची, बोटात पेन, समोर जुन्या पंचांगाचा कोरा मागचा भाग. समोरच्याने "लेकीला बीसीएला टाकलंय, चाळीस हजारांत चांगला लॅपटॉप सांगा," म्हटलं की रॅमभाऊ डोळे मिटतात.

"चांगला म्हणजे? वापर काय?"

"कॉलेजचा. थोडं टायपिंग, थोडं प्रोग्रॅमिंग, थोडा पिच्चर."

"असं मोघम नाही चालत. स्क्रीन किती निट्सची पाहिजे?"

"नीट दिसलं म्हंजे बास की!"

इथून चढण सुरू होते. अडीचशे निट्सची स्क्रीन उन्हात दिसत नाही, तेव्हा दोन हजार जास्त टाका. आठ जीबी रॅम पुरते, पण सोळा असली की चार वर्षं बघायला नको. आणखी चार टाका. आता इथवर आलाच आहात तर ग्राफिक्स कार्डवाला का नको? दिवेलागणीला पंचांगावरचा आकडा बहात्तर हजारांवर गेलेला असतो आणि रॅमभाऊ खिन्नपणे म्हणतात, "बजेटच्या बाहेर जायलंय राव."

माणूस टाकाऊ आहे असं मात्र कुणी समजू नये. दुकानदार "आय-फाइव्ह आहे साहेब," असं ठसक्यात म्हणाला की भलेभले विरघळतात; रॅमभाऊ पुढचे आकडे वाचतात. आय५ ६२००यू म्हणजे सहाव्या पिढीचा, दोन कोअरचा. बाराव्या पिढीतला साधा आय३ १२१५यू सहा कोअरचा. धाकटा थोरल्याला पाणी पाजतो. शिवाय इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या मशिनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे "ऑफिसातून निघालेला, एकदम कंडिशनमध्ये" असा स्वस्त लॅपटॉप घेणाऱ्या गावातल्या कितीतरी पोरांना त्यांनी वाचवलंय. रायझन ५ ७५२०यू मधला पहिला सात २०२३ सालची मालिका सांगतो, पण तिसरा आकडा दोन म्हणजे आतली रचना २०१९ ची झेन २, हेही ते बघतात. सोयरीक जुळवताना मुलाचं वयसुद्धा कुणी एवढं तपासत नाही.

खरं तर त्यांच्याजवळचं सगळं ज्ञान एसटीच्या तिकिटाच्या पाठीवर मावेल. प्रोसेसर गेल्या तीन-चार वर्षांतला, ५१२ जीबी एसएसडी, सोळा जीबी रॅम किंवा आठ आणि एक मोकळा स्लॉट, सर्व्हिस सेंटर संभाजीनगरात, कीबोर्ड स्वतः दाबून बघावा. झालं. पण तिकिटावर मावणाऱ्या सल्ल्यासाठी ओसरीवर कोण येऊन बसणार?

त्यांचा आवडता शब्द 'थांबा'. तो त्यांच्या तोंडी बसला त्याला सरकार जबाबदार आहे. ३ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने लॅपटॉपच्या आयातीवर निर्बंध जाहीर केले. रॅमभाऊ आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "आजच घ्या!" दुसऱ्याच दिवशी सरकारने अंमलबजावणी पुढे ढकलली. त्याच महिन्यात १९ तारखेला कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसलं, म्हणजे घ्यायची वस्तू येते की नाही कळेना आणि विकायची वस्तू जाईना. लॅपटॉप सुटला, कांद्याला मात्र डिसेंबरात थेट निर्यातबंदी लागली. तेव्हापासून रॅमभाऊंनी घाई सोडली. नवी चिप येतेय, थांबा. दिवाळीचा सेल येतोय, थांबा. मग २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरातली मेमरी ओढून घेतली, रॅमचे भाव कडाडले आणि थांबलेली मंडळी ओसरीवरून बिनआवाजी पांगली.

बीसीएवाल्या लेकीचा बाप मात्र कांदा उत्पादक निघाला. लासूर स्टेशनच्या बाजारात त्याने थांबण्याचे सगळे प्रकार भोगलेले. तो म्हणाला, "भाऊ, चाळीतला कांदा अन् तुमचा लॅपटॉप एकच दिसायलाय. थांबलं तर भाव गावंल म्हणतात. तवर खालच्या थराला पाणी सुटतं. पोरीचं कॉलेज सुरू व्हायलंय, कामून थांबू?"

ओसरीवर असा प्रश्न आजवर कुणी केला नव्हता. रॅमभाऊंनी पंचांग मिटलं आणि स्वतः सोबत निघाले.

दुकानात त्यांनी स्क्रीनची बिजागरी हलवली, बॅटरी किती वॅट-तासांची विचारलं ("वस्तीवर लाइटचा भरवसा नसतो"), बिलावर मॉडेलचा पूर्ण नंबर लिहून घेतला, खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला. लेकीने कीबोर्डवर आपलं नाव टाइप केलं आणि मान डोलावली. बापाने खिशातली गड्डी काढली. आकडा चाळीसच्या वर दीड हजार. दुकानदाराने चहा मागवला, मग आणखी एकदा मागवला.

काउंटरवरच्या पोराने आदराने विचारलं, "काका, तुम्ही स्वतः कोणता वापरता?"

"मी अजून बघतोय," रॅमभाऊ म्हणाले.

"मग दाखवू का तुम्हाला पण?"

"दाखव," म्हणत रॅमभाऊंनी खुर्ची पुढे ओढली. लेकीने घड्याळाकडे पाहिलं. देवगावच्या शेवटच्या गाडीला पाऊण तास होता.