फक्त तुम्हाला म्हणून पाठवतोय

मध्यरात्रीनंतर यूट्यूब माणसाला काय ऐकवेल याचा नेम नसतो. झोपण्यापूर्वी किशोरीताईंचा भूप लावावा, डोळे मिटावेत, आणि तो संपता संपता भलतीच तबकडी सुरू व्हावी : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. एचएमव्ही, 1982. वादक चरणजित सिंग. एवढं वाचल्यावर कोण झोपतो?

चरणजित सिंग मुंबईचे. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातले वादक; म्हणजे गाणं घरोघरी पोचलेलं आणि वाजवणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही, अशा जमातीतले. त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली. सुरांना ज्युपिटर-8, ठेक्याला 808, आणि बासला 303. या 303 ची कथा मोठी मजेशीर आहे. गिटारवाल्याला एकट्याने रियाज करता यावा म्हणून कंपनीने ती काढली. पण बास गिटारीसारखी ती काही केल्या वाजेना, मग विकली जाईना, आणि थोड्याच वर्षांत बंद पडली. तिच्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय मात्र होती. घसरत म्हणजे काय, मींडच की ती! 1987 मध्ये शिकागोच्या फ्यूचर या मंडळींनी हीच पेटी पिळून ‘ॲसिड हाऊस’ नावाचं नाचाचं संगीत जगापुढे आणलं. मुंबईत तिच्यावर त्याआधीच पाच वर्षं तोडी आणि मालकंस वाजून गेले होते.

इतकं हाती लागल्यावर गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. मी त्यातल्या ललित रागाची लिंक घरच्या ग्रुपवर टाकली. ‘रजिस्टर्ड रसिक’ नानाकाकांचा तडक फोन आला.

“ललित? अरे, ही पहाट आहे की गिरणीची पाळी सुटतेय?”

“काका, डिस्को पहाटेच सुटतो. रागाची वेळ त्यांनी अगदी काटेकोर पाळलीय.”

बराच वेळ पलीकडून नुसता धडधडाट ऐकू येत होता. मग काका नाइलाजाने म्हणाले, “दोन्ही मध्यम आहेत खरे. तबल्याला कोण आहे?”

“कोणी नाही. मशीन आहे.”

“तरीच! एकदाही लय वाढवली नाही बेट्याने.”

काकांकडून याहून मोठी दाद मी ऐकलेली नाही. भाच्याने मात्र “मामा, हे जुनं झालं” एवढं लिहून माझी हवा काढली. असल्या संगीताच्या नादी लागलेल्यांचा खरा आनंद ऐकण्यात नसतोच, दुसऱ्याच्या आधी ऐकलेलं असण्यात असतो.

हा आजार इंटरनेटने आणला असं समजू नका. खाजगी मैफलींच्या टेपा जमवणाऱ्यांची पिढी मी पाहिली आहे. “फक्त तुम्हाला देतोय, पुढे कुणाला देऊ नका,” ही अट टेपसकट अख्ख्या पुण्यात फिरत असे. चौथ्या प्रतीपर्यंत बुवा पेटत्या स्टोव्हच्या मागे बसून गातायत असं वाटायचं. पण कव्हरवर बारीक अक्षरात राग, साल, गाव, तबला, पेटी सगळं लिहिलेलं. आता आवाज स्वच्छ झाला आणि कव्हर गेलं. उरलं ‘अत्यंत दुर्मिळ! शेवटपर्यंत ऐका!!’

चरणजितांचं तर कव्हर असूनही तेच झालं. नाव छापलेली ती तबकडी तेव्हा खपलीच नाही. पुढे एदो बाऊमन या डच संग्राहकाच्या ती हाती लागली, आणि 2010 मध्ये त्याने ती पुन्हा काढली. तर लोकांना वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय! 1982 साली मुंबईत असं होणं शक्यच नाही. एफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने खोटं नाव घेऊन केलं असेल, अशीही आवई उठली. नाव छापलेलं असूनसुद्धा माणूस खरा मानायला जग तयार नव्हतं. सत्तरीच्या घरात ते युरोपातल्या महोत्सवांत जाऊन वाजवून आले, तेव्हा संशय फिटला. 2015 मध्ये ते गेले.

त्याच 1982 ची रूपा बिस्वास यांची ‘डिस्को जॅझ’ घ्या. कोलकात्याची गायिका, ध्वनिमुद्रण कॅनडातल्या कॅलगरीत, सरोदवर आशिष खाँ. आईची तबकडी परदेशात भरमसाट किमतीला विकली जातेय हे मुलाला इंटरनेटवर कळलं. 2019 मध्ये तीही पुन्हा निघाली. आपल्या आयांनी तरुणपणी काय काय केलं असेल, ते एकदा विचारून घेतलेलं बरं.

तेव्हा पाठवा, खुशाल पाठवा. रात्री दोनला पाठवलंत तरी चालेल, मी जागाच असतो. पण लिंकखाली वाजवणाऱ्याचं नाव आणि साल लिहा. ठाऊक नसेल तर अंदाजाने काहीतरी ठोकून द्या. चूक काढायला आमचे नानाकाका आणि त्यांच्यासारखे शेकडो टपलेलेच आहेत, खरं नाव अर्ध्या तासात मिळेल.