समितीला दिवस गेले

युरोपाला पोराबाळांची भारी काळजी. शरीरातल्या हार्मोनांच्या कामात लुडबुड करणारी रसायने गर्भातल्या बाळाला भोवतात, हे कळल्यावर तिथल्या कायद्याने युरोपीय आयोगाला बजावले: अशी रसायने ओळखायची कशी, त्याचे निकष १३ डिसेंबर २०१३ पर्यंत ठरवा. तारीख आली आणि गेली. आयोग म्हणाला, थांबा, निकष लावले तर उद्योगधंद्यांवर काय परिणाम होईल याचा आधी अभ्यास करू. आपल्याकडे याच कामासाठी ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ एवढे पुरते. ब्रुसेल्सला मात्र सगळे रीतसर लागते.

स्वीडनला काही हा रीतसरपणा कळला नाही. मुंबईपेक्षा कमी वस्तीचा देश, पण सरळ कोर्टात गेला. डिसेंबर २०१५ मध्ये निकाल लागला: आयोगाने कायदा मोडला आहे, आणि असा अभ्यास आधी करा असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. दुसरा कोणी असता तर शरमेने अभ्यास गुंडाळला असता. आयोगाने तो नेटाने पूर्ण केला.

मग निकषांचा मसुदा आला. त्यातले एक कलम तर फ्रेम करून भिंतीवर लावावे असे. काही कीटकनाशके किड्यांच्या हार्मोनांवर घाला घालण्यासाठीच बनवलेली असतात. मसुद्याने अशा औषधांना सवलत देऊ केली. म्हणजे हार्मोन बिघडवणे हे ज्याचे ठरलेले काम, त्याला हार्मोन बिघडवणारा म्हणायचे नाही. हातून चुकून बिघडवले तर मात्र गय नाही. असाच कायदा इथे झाला तर पाकीटमारांची संघटना हारतुरे घेऊन स्वागताला उभी राहील. ऑक्टोबर २०१७ मध्ये युरोपीय संसदेने हा मसुदा फेटाळला, आणि कीटकनाशकांचे निकष अखेर २०१८ मध्ये, त्या कलमाशिवाय, आले. गर्भातल्या बाळाचे अवयव ठरलेल्या आठवड्यांतच घडतात आणि त्या दिवसांत हार्मोनांचा चुकीचा निरोप पोचला तर पुढे दुरुस्ती नाही. बाळाने अर्ज केला म्हणून मुदतवाढ मिळत नाही, त्यासाठी आयोगच असावे लागते.

अमेरिका तर या शर्यतीत कितीतरी पुढे, म्हणजे मागे. तिथे १९९६ मध्येच कायदा झाला की रसायनांची हार्मोन-तपासणी तीन वर्षांत सुरू करा. तपासणीचे पहिले आदेश निघाले २००९ मध्ये. २०१५ मध्ये ५२ रसायनांचे प्राथमिक निकाल लागले, पैकी १८ जणांना पुढची परीक्षा द्यायला सांगितले. २०२१ मध्ये ही तपासणी पाहणाऱ्या खात्याच्याच महानिरीक्षकांनी लिहिले की प्रगती फारशी नाही. कायदा झाला त्या वर्षी जन्मलेले मूल तेव्हा पंचविशीत होते.

आता कोणी म्हणेल, सरकारी काम, वेळ लागणारच. मुळीच नाही. फ्रान्समध्ये आर्काशों नावाची खाडी आहे, तिथे कालवे पिकतात. बोटींच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून जो रंग लावत, त्यात ट्रायब्युटिलटिन असे. कालवांचे शिंपले जाडजूड आणि वेडेवाकडे होऊ लागले, पिल्ले जगेनात, धंदा बसला. १९८२ मध्ये फ्रान्सने लहान बोटींवरच्या या रंगावर बंदी घातली. हार्मोनाची व्याख्या विचारली नाही, उद्योगावरच्या परिणामांचा ग्रंथ लिहिला नाही. कालवाला भाव असतो ना! याच रसायनाने समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटत होती, अंडी बाहेर पडायची वाट बंद होऊन त्या मरत होत्या. पण गोगलगाय ताटात कुठे येते? (फ्रेंच माणूस गोगलगाय खातो खरा, पण ही नव्हे.) मोठ्या जहाजांसाठी जागतिक करार लागू व्हायला २००८ उजाडले.

या सगळ्यात घोळ घातला तो शास्त्रज्ञांनी. जुलै १९९१ मध्ये थिओ कोलबर्न या बाईंनी विस्कॉन्सिनमध्ये २१ जणांना एका टेबलाभोवती बसवले. प्राणिशास्त्र, मानसोपचार, कायदा, अशा एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही न उभ्या राहणाऱ्या शाखांतली ही माणसे, आणि ती चक्क या रसायनांच्या धोक्याबद्दलच्या एका निवेदनावर सह्या करून उठली! धोरणवाल्यांची केवढी पंचाईत. सुदैवाने २०१३ मध्ये विषविज्ञानाच्या नियतकालिकांचे १८ संपादक धावून आले. त्यांनी लिहिले की या रसायनांबाबत युरोपीय आयोग घेऊ पाहत असलेली सावधगिरी शास्त्राला धरून नाही. पत्रकारांनी खणून पाहिले, तर १८ पैकी १७ जणांचे उद्योगांशी आजी-माजी संबंध निघाले. अठरावा कसा निसटला कोण जाणे. पुढे एप्रिल २०१६ मध्ये बर्लिनला दोन्ही बाजूंचे २३ जण भेटले आणि दोन दिवसांत बऱ्याच मुद्द्यांवर त्यांचे जमले. म्हणजे भांडण मिटायला दोन दिवस लागतात. निस्तरायला किती, ते वर आलेच आहे.

बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, इस्ट्रोजेन या हार्मोनासारखे वागते हे लंडनमध्ये एडवर्ड डॉड्स यांनी १९३६ मध्ये दाखवले. त्यानंतर जगाने त्यापासून पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक बनवले आणि त्यातून पाणी प्यायला सुरुवात केली. २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याची सुरक्षित मात्रा एकदम २०,००० पटींनी खाली आणली. अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत ते वापरायला युरोपात जानेवारी २०२५ पासून बंदी आहे, अर्थात टप्प्याटप्प्याने.

आपणही मागे नाही. भारतीय मानकाने २०१५ मध्ये बाळाच्या दुधाच्या बाटलीतून बीपीए हद्दपार केले. बाळ मोठे होऊन नोकरीला लागते आणि ऑफिसातल्या वीस लिटरच्या जारचे पाणी पिते, तिथे ही काळजी संपते. यातले पुष्कळ जार पॉलिकार्बोनेटचे असतात, टेम्पोतून उन्हात फिरून येतात, धुऊन पुन्हा भरले जातात. जार डिस्पेन्सरवर उलटा ठेवलेला असतो, म्हणजे त्याचे बूड तुमच्या डोळ्यांसमोरच आहे. तिथे त्रिकोणात ७ आणि खाली पीसी ही अक्षरे असतील तर तो पॉलिकार्बोनेटचा. उद्या चहाच्या सुट्टीत बघा, आणि तसा निघाला तर पुरवठादाराकडे दुसरा मागा.