उरलेले पुढील अंकी

टी.वाय.ला मराठी स्पेशल घेतलं की घरच्यांना वाटतं, पोरगं आता झब्बा घालून झाडाखाली बसणार. आम्हाला मात्र पहिल्या तासाला कविता मिळाली नाही, सरांचा सूचनांचा कागद मिळाला. हजेरी ७५ टक्के, नाहीतर टर्म ग्रँट होणार नाही. तास सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी दार बंद. सबमिशन उशिरा आलं तर गुण निम्मे. वर्गात मोबाइल दिसला तर जप्त. आणि शेवटी जाड ठशात: 'रेल्वे फाटक हे कारण ग्राह्य धरले जाणार नाही.'

हे कलम आम्हा मांजरीकरांसाठीच होतं. आमच्या मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, सीरमचा प्रकल्प आहे. पण हडपसरच्या कॉलेजात त्या काळी आमची ओळख एकच, फाटक. पुणे-दौंड मार्गावरची मालगाडी एकदा यायला निघाली की ती घाईत नसते. ती गेली म्हणून गाड्यांना किक मारावी, तर समोरून एक्स्प्रेस. एवढं खरं कारण हाताशी असल्यावर ते वापरायला गावाबाहेरची पोरंही लागली. शेवटी मगरपट्ट्यातला एक जण फाटकात अडकला. मगरपट्टा ते कॉलेज या रस्त्यात रूळच नाहीत. तेव्हापासून सरांनी रेल्वेवरचा विश्वास काढून घेतला.

प्रॉक्सीवर सरांचा विशेष राग. एस-३ या स्पेशलच्या पेपरला आम्ही लेखकाचा परकायाप्रवेश शिकत होतो आणि हजेरीच्या वेळी त्याचं प्रात्यक्षिक करत होतो. एकाच पोराने तीन आवाजांत 'येस सर' म्हटलं, तेव्हा सर म्हणाले, "पात्रांना वेगळी भाषा द्या, सगळे एकसारखे बोलतायत."

कमाल झाली ती ताटीच्या अभंगांच्या तासाला. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसलेत, बाहेर धाकटी मुक्ताई विनवते आहे. सरांचा आवाज भरून आला होता. तेवढ्यात दारावर टकटक. आमच्याच गावचा पोरगा, धापा टाकत, घामाघूम. दहा मिनिटं केव्हाच उलटली होती. सरांनी काचेतून हातानेच 'नाही' केलं आणि योग्याने राग कसा गिळावा, हे समजावू लागले. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, बाहेर मुक्ताई आहे."

वर्ग फुटला. सरही हसले, पण कडी काढली नाही. म्हणाले, "मुक्ताईने अभंग म्हटले होते. हा नुसती कडी वाजवतोय."

खरं तर आम्हाला अभ्यासाला लावलेल्यांपैकी निम्मे या कागदावर नापास झाले असते. नेमाड्यांच्या 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर घ्या. शिकायला खानदेशातून पुण्याला येतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परत जातो. १९६३ पासून त्याच्यावर मराठीत प्रबंध चालू आहेत. एकाने हे धीर करून सरांना ऐकवलं. सर म्हणाले, "त्याच्यावर कादंबरी निघाली. तुझ्यावर नोटीस निघेल." निघालीही.

सबमिशनच्या तारखेला हरिभाऊ आपटे आमचे तारणहार. १८९० साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात हप्त्याहप्त्याने कादंबऱ्या लिहिल्या. त्यातलीच 'पण लक्षात कोण घेतो?' बोर्डावरच्या सूचनांखाली कुणीतरी पेन्सिलीने हेच नाव लिहून ठेवलं होतं. अक्षर कुणाचं याची चौकशी झाली. संशयितांनी तेवढ्यापुरतं अक्षर सुधारलं. पण आम्हाला आवडलेली गोष्ट वेगळीच. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, तरी त्यांना कुणी अजून डिफॉल्टर म्हटलेलं नाही.

माझ्या शेजारच्या बाकावरच्या मित्राने याचा पुरेपूर फायदा घेतला. हरिभाऊंवरचा त्याचा प्रकल्प वीस पानांचा हवा होता. शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला त्याने नऊ पानं स्पायरल करून दिली आणि खाली सुबक अक्षरात लिहिलं, 'उरलेले पुढील अंकी.'

आठवड्याने वही परत आली. वीसपैकी नऊ गुण. खाली लाल शाईत, तितक्याच सुबक अक्षरात, सरांनी लिहिलं होतं: 'उरलेले पुढील अंकी.'