निकाली न निघालेले तात्या

तात्या महसुलातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि मेढ्याला घरी येऊन बसले, तेव्हा घरच्यांनी धसकाच घेतला. उभा जन्म दुसऱ्यांच्या अर्जातल्या त्रुटी काढण्यात गेलेला माणूस दिवसभर घरात! पहिल्याच महिन्यात दूधवाल्याच्या वहीत त्यांनी लाल शाईने 'खुलासा करावा' असं लिहिलं. शेवटी पुतण्याने पुण्याहून जुना लॅपटॉप आणला, त्यात लिनक्स आणि लिबरऑफिस घालून दिलं, आणि घरच्यांची सुटका झाली.

इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर तात्यांचा हात लवकर बसला. पण एका फॉन्टात 'कऱ्हाड' नीट उमटेना. मधला पापणीसारखा र येण्याऐवजी खाली टिंब असलेला, पाय मोडलेला र दिसायचा. "आपल्या जिल्ह्यातला तालुका, आणि त्याचं हाड असं बाजूला पडलेलं!" तात्या कडाडले.

पुतण्या म्हणाला, "तात्या, बगझिलावर टाका." मोझिलावाल्यांनी १९९८ साली काढलेलं हे तक्रारींचं रजिस्टर, लिबरऑफिसचा कारभारही त्यावरच चालतो. कुणीही तक्रार नोंदवावी, तिला नंबर पडतो, आणि ती कुठे अडली, कोण काय म्हणालं, सगळं उघड.

"म्हणजे अर्जदाराला टिप्पणी दिसते?"

"सगळ्या जगाला दिसते, तात्या."

"मग कामं होतात कशी?"

पहिली तक्रार 'विषय', 'संदर्भ' आणि 'महोदय' यांसकट रवाना झाली. इंग्रजी माझं, थाट त्यांचा. चार दिवसांनी कुठल्याशा बाईंचं उत्तर आलं: आवृत्ती कोणती, फॉन्ट कोणता, नमुना फाईल जोडा, काय केलं की दोष दिसतो ते क्रमाने लिहा, तोवर तक्रार माहितीअभावी प्रलंबित. मला वाटलं, आता म्हातारा भडकणार. तात्यांनी ते दोनदा वाचलं. "बाई हुशार आहे. मीही परतच पाठवला असता."

पूर्तता मात्र बघण्यासारखी होती. नमुना फाईलमध्ये कऱ्हाड, वऱ्हाड, दऱ्या, सुऱ्या. खाली कृती, क्रमवार. पैकी पहिली: 'लॅपटॉप सुरू करावा. वीज नसल्यास येईपर्यंत थांबावे.' दिवस जुलैचे होते. केळघरच्या बाजूने पाऊस उतरला की मेढ्यात ही सूचना अनाठायी म्हणता येत नाही.

निकाल आला: दोष फॉन्टचा आहे, आमचा नाही, तिकडे जा. तात्यांच्या चेहऱ्यावर माहेरचं माणूस भेटल्याचा आनंद. "सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही! अरे, कचेरी ती कचेरी."

फॉन्टवाल्यांकडे तीच तक्रार आधीच कुणीतरी करून ठेवली होती. तात्यांची 'दुबार' म्हणून बंद झाली. मग फॉन्ट दुरुस्त होईपर्यंत ते लिबरऑफिसमधल्या परक्या तक्रारी तपासायला लागले. हे काम कुणीही करू शकतं. पगार नाही, म्हणून माणसंही पुरत नाहीत. अंघोळ आटोपून, कपाळाला गंध लावून तात्या बसतात. दोष आपल्या मशीनवर दिसला तर 'आढळतो' म्हणून शेरा, नाहीतर 'नमुना जोडलेला नाही'. विचारलेल्या माहितीचं उत्तर सहा महिन्यांत आलं नाही तर स्मरणपत्र जातं आणि पुढे तक्रार बंद होते, हे कळल्यावर त्यांनी नियम करणाऱ्याला बढती सुचवली. वर्षभर कुणी हात न लावलेल्या तक्रारीबद्दल 'दोष अजून आहे का, तपासून कळवा' अशी विचारणा येते. "हयातीचा दाखला," तात्या म्हणाले. त्यांचा स्वतःचा नोव्हेंबरात बँकेत द्यायचा असतो.

उबुंटू नावाच्या लिनक्सची एक नंबरची तक्रार मी त्यांना मुद्दाम सांगितली. उबुंटूचा संस्थापक मार्क शटलवर्थ याने ती २००४ साली नोंदवली होती: बाजारात मायक्रोसॉफ्टचा हिस्सा निम्म्याहून मोठा आहे. २०१३ मध्ये त्यानेच बंद केली. फोन-टॅबलेट आले, चित्र पालटलं, असं म्हणून. "नऊ वर्षं ठेवली आणि परिस्थिती बदलली म्हणून निकाली काढली," तात्या कौतुकाने म्हणाले. "महसुलात असता तर नाव काढलं असतं."

गेल्या महिन्यात फॉन्टची नवी आवृत्ती आली. 'कऱ्हाड' झकास उमटलं. आता 'तपासले, दोष दूर झाला' एवढं लिहायचं होतं. तात्या लिहीनात. आज नेट नाही, उद्या चष्मा सापडत नाही. मी फार मागे लागलो तेव्हा त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "घाई काय आहे? अक्षर ठळक करून बघ. पापणी ह ला चिकटतेय."

चिकटत होती, अगदी केसभर.

"नवीन नंबर घ्यावा लागेल," तात्या म्हणाले, आणि आत बघून चहासाठी ओरडले.