दिल्लीच्या हिवाळ्यात जुनी स्पोर्ट्‌स कार चालवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

सर्वप्रथम हवामान. दिल्लीत बर्फ पडत नाही. सफदरजंग वेधशाळेतला नीचांक उणे ०.६ अंशांचा आहे आणि तोही १६ जानेवारी १९३५ चा. ८ जानेवारी २००६ ला पारा ०.२ वर उतरला, दंव गोठलं आणि शहराला आठवडाभर पुरेल एवढा विषय मिळाला. एवढ्याने ज्याची हौस भागत नाही, तो दिल्लीकर मनालीला जातो. ताजा बर्फ पडला की तिथले पोलीस फोर बाय फोर गाड्याच पुढे सोडतात आणि बाकीच्यांना यू-टर्न दाखवतात. आपली गाडी जमिनीपासून वीतभरही वर नसल्याने आपल्याला तो यू-टर्न जरा लवकर दाखवतात. तेव्हा प्रस्तुत मार्गदर्शन दिल्ली आणि भोवतालचा राजधानी परिसर, म्हणजे एनसीआर, एवढ्यापुरतंच समजावं.

आता गाडी. उदाहरणादाखल सॅन स्टॉर्म धरू. गोव्यात बनलेली, दोन माणसांची, फायबरच्या अंगाची आणि कापडी टपाची ही गाडी. इंजिन ११४९ सीसीचं, रेनॉचं. ताकद साधारण साठ अश्वांची, म्हणजे आजची कुठलीही घरगुती हॅचबॅक सिग्नलवरून हिच्या पुढे निघेल. पण हॅचबॅककडे बघून कुणी ‘कितने की ली?’ विचारत नाही. अशी गाडी समजा २००१ साली घेतलेली आहे आणि मालक नोएडात राहणारा मराठी माणूस आहे, म्हणजे गाडी विकायची नाही हे त्याचं ठरलेलं आहे.

तयारी नोव्हेंबरात सुरू करावी. बॅटरी तपासून घ्यावी. टायरची नक्षी शाबूत दिसली म्हणून भुलू नये. टायरच्या कडेवर चार आकडी संख्या असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वर्ष तुमच्या मुलाच्या बारावीचं असेल आणि मुलगा आता नोकरीला असेल, तर टायर बदलावेत, कारण रबर कडक झालं की पहाटेच्या ओल्या रस्त्यावर ते धरत नाही. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बघाव्यात. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २००१ सालच्या नळ्यांना तशी सवय नाही. सुटे भाग काश्मिरी गेटला शोधावेत, तिथे न मिळाल्यास मायापुरीच्या भंगारात. दोन्हीकडे उस्ताद एकच सल्ला देतात, ‘सर, बेच दो.’ हा तांत्रिक सल्ला नसल्याने दुर्लक्ष करावं.

कापडी टपाबद्दल थोडं सविस्तर. रात्रभर दव झिरपतं आणि पहाटे बरोबर चालकाच्या मानेवर एक थेंब पडतो. त्यासाठी मफलर. काच आतून धुरकट झाली तर हाताने पुसू नये, बोटांचे ठसे समोरून येणाऱ्या दिव्यांत चमकतात. हीटर आणि एसी एकत्र लावावेत. एसी हवेतली ओल काढतो. डिसेंबरात एसी लावलेला पाहून शेजारचे शर्माजी काय म्हणतील, हा विचार मनातून काढून टाकावा.

हा परिच्छेद हसण्यावारी नेऊ नये. हवामान खात्याच्या भाषेत पन्नास मीटरच्या आतलंच दिसत असेल तर ते अतिदाट धुकं. यमुना एक्सप्रेस-वेवर १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी हलक्या गाड्यांची मर्यादा ताशी १०० वरून ७५ किलोमीटरवर आणतात. पण ७५ च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २१ मीटर जाते, म्हणजे पन्नास मीटर अडीच सेकंदांच्या आत संपतात. त्यातला सेकंदभर तर समोर काय आहे हे कळण्यातच जातो. म्हणून ७५ ही पाटी आहे, आज्ञा नव्हे. लो बीम लावावा, काच खाली करावी, गाणी बंद करावीत आणि कानांनी चालवावं. धावत्या गाडीला चारी इंडिकेटर लावण्याची इथली रीत पाळू नये, मागच्याला गाडी उभी आहे की चालती तेच कळत नाही. आणि हापुड-मेरठच्या बाजूला तर पहाटे जाऊच नये. तिकडेही गळीत हंगाम आपल्या कोल्हापूर-सांगलीसारखाच असतो. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असतो, आणि लोंबणाऱ्या उसाचे शेंडे नेमके आपल्या गाडीच्या काचेच्या उंचीवर येतात. उंच गाडीवाल्याचा बंपर ठोकला जातो. आपण थेट उसात शिरतो.

तर एवढं सगळं साधलं की गाडी चालवायला परवानगी आहे का, हे पाहावं.

दिल्लीत सकाळी आधी तापमान पाहायचं नसतं, ‘समीर’ ॲपवर हवेचा निर्देशांक पाहायचा असतो. तो ४०० च्या वर गेला की ग्रॅप या प्रदूषण-निर्बंध योजनेचा तिसरा टप्पा लागतो आणि दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद व गौतम बुद्ध नगर इथे बीएस-तीन या जुन्या उत्सर्जन मानकाच्या पेट्रोल गाड्या बंद. दंड वीस हजार रुपये. मग पश्चिमेकडून पाऊस येतो, हवा धुतली जाते, निर्बंध उठतात. आपण आनंदाने किल्ली शोधतो. पण जमीन ओली, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला, अशा रात्री धुकं हमखास धरतं. थोडक्यात, हुकूम उठतो त्याच्या दुसऱ्या दिवशी रस्ता दिसत नाही.

आपल्या गाडीला अर्थात ही चिंता नाही, ती त्याआधीच बाद आहे. पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी एनसीआरमध्ये चालवायची नाही, हा हरित लवादाचा २०१५ चा आदेश २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. १ जुलै २०२५ ला अशा गाड्यांना पेट्रोल बंद झालं आणि आठवडाभरात ते पुढे ढकललं गेलं. ऑगस्टमध्ये न्यायालय म्हणालं, मालकांवर सक्तीची कारवाई नको. जुन्या गाड्यांच्या मालकांनी त्या दिवशी पेढे वाटले असतील. डिसेंबरात ती सवलत बीएस-चार आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतीच उरली. एनसीआरमध्ये बीएस-चार आलं २०१० ला, आपली गाडी २००१ ची. गणित आपणच करावं आणि गाडी आपल्या आवारात उभी ठेवावी.

उरलेले मार्ग दोन. पहिला, ना-हरकत दाखला काढून गाडी ट्रेलरवर साताऱ्याला पाठवावी. तिथे योग्यता तपासणी आणि पर्यावरण कर भरून पुनर्नोंदणी होते. शिवाय त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ जानेवारीत दवबिंदू गोठल्याची बातमी मराठी वर्तमानपत्रांत दरवर्षी फोटोसह येते, तेव्हा स्पोर्ट्‌स कारची बर्फाची हौसही घरच्या घरी फिटते.

दुसरा मार्ग धीराचा. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ ठरते, तिला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते आणि ती रॅली-प्रदर्शनासाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. २००१ ची गाडी २०५१ मध्ये पात्र होईल. तोवर आरसी बुक कोरड्या जागी ठेवावं. नव्या व्हिंटेज नोंदणीचं शुल्क सध्या वीस हजार रुपये आहे, म्हणजे ग्रॅपच्या दंडाइतकंच.