अण्णा, टीटीएल आणि उन्हाळ कांदा

चांदवडात नेट संथ झालं की लोक आधी रस्ता खणणाऱ्यांना शिव्या घालतात आणि मग अण्णा माझ्याकडे येतात. अण्णा शेजारी. आमचंच वाय-फाय वापरतात, त्यामुळे तक्रारीचा पहिला मान त्यांचा. मी जुन्या कॉम्प्युटरवर ‘डीएनएसमास्क’ नावाचा फुकटचा प्रोग्रॅम बसवल्यापासून तर त्यांना आरोपीही मिळाला आहे.

“काय रे, कांद्याचा भाव कालचाच दाखवतंय. तुझ्या त्या डबड्यानं साठवून ठेवला ना?”

“अण्णा, ते भाव साठवत नाही. नुसता पत्ता साठवतं.”

वेबसाइटचं नाव आपल्यासाठी. मशीनला आकड्यांचा पत्ता लागतो. तो वाटेत कुणालाच ठाऊक नसला, की चौकशी थेट मूळ सर्व्हरपासून सुरू. तो स्वतः काही सांगत नाही, ‘डॉट कॉम’वाल्यांकडे बोट दाखवतो, ते आणखी पुढे पाठवतात. हे सगळं मिलिसेकंदांत उरकतं खरं, पण हल्ली एकेका पानाला जाहिराती, फॉन्ट, चित्रं धरून डझनभर नावं विचारावी लागतात, आणि आमच्या लाइनवर ते थांबणं चांगलंच जाणवतं. उत्तर घरातच असलं तर एक-दोन मिलिसेकंदांत मोकळे.

अण्णांची स्वतःची कांदाचाळ आहे. त्यांनी नेमकं विचारलं, “साठवलेला माल सडत नाही?”

“सडतो ना! म्हणून तर टीटीएल.”

पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली नावावरून पत्ता शोधायची ही व्यवस्था, म्हणजे डीएनएस, आखली, तेव्हाच प्रत्येक पत्त्यावर त्याची मुदत सेकंदांत लिहायची सोय ठेवली; तीच टीटीएल. मुदत ठरवणार पत्त्याचा मालक. ३०० लिहिलं तर पाच मिनिटांत पत्ता फेकायचा; हा लवकर सडणारा लाल कांदा. ८६४०० म्हणजे अख्खा दिवस, हा टिकाऊ उन्हाळ. साइट दुसरीकडे हलवायची असली की शहाणा मालक मुदत आधीच कमी करतो, नाहीतर लोक जुन्याच दारावर थापा मारत बसतात.

अण्णा विचारात पडले. “मग भाव चढेल त्या दिवशी तोच धरून ठेवायला सांग की त्याला. मुदत चार महिने.”

ही सोय मोकापेट्रिस यांना सुचली नव्हती.

आता कुणाला आपल्याही घरी हे करायची हुक्की आली असेल, तर वेगळं मशीन विकत घेऊ नका. ब्राउझर, ऑपरेटिंग सिस्टीम आणि बरेच राउटर पत्ते थोडा वेळ लक्षात ठेवतातच. आणि अडकणारा व्हिडिओ यानं तसूभरही पुढे सरकत नाही. त्याला लाइनच चांगली लागते.