हेकेखोरीचे उपकार

सातारा-सांगली भागातल्या कुठल्याही चौकात उभे राहा, एखादा क्रांतिवीर पुतळ्याच्या रूपाने भेटतोच. ते योग्यच आहे. पण या हिशेबाची एक बाजू कायम कोरी राहते. क्रांती करणाऱ्यांना आपण दरवर्षी हार घालतो. ती करणे ज्यांनी भाग पाडले, त्यांच्या वाट्याला साधे गुलाबाचे फूलही येत नाही. अर्ज-विनंत्यांवर समाधान मानणाऱ्या, मुकाट्याने सारा भरणाऱ्या माणसांना चिकाटीने बंडापर्यंत नेऊन पोचवणे हे सोपे काम नाही. ते ज्या सरकारांनी केले त्यांचे ऋण मानण्याइतका मोठेपणा आपण दाखवायला हवा.

सुरुवात अमेरिकेपासून करू. मिरजेला अमेरिका परकी नाही, डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली अमेरिकन मिशनचे रुग्णालय इथे उभारले, त्याला आता सव्वाशे वर्षे उलटून गेली. त्या देशात १६०७ साली जेम्सटाउनला उतरलेले इंग्रज काही बंड करायला गेले नव्हते. १६०९-१० च्या हिवाळ्यात त्यांनी घोडे खाल्ले, कुत्री खाल्ली, उंदीरही सोडले नाहीत. पाचशेच्या आसपास माणसांतली साठेक उरली. तरी राजाविरुद्ध कोणी ब्र काढला नाही, आणि पुढची दीडशे वर्षे त्यांची मुले-नातवंडे त्याच गादीशी इमान राखून होती. नुसत्या उपासमारीने माणूस क्रांतिकारक होत नाही. त्याला मुरलेले सरकारच लागते.

तसे सरकार लंडनमध्ये होते. १७६५ मध्ये पार्लमेंटने वसाहतींवर स्टॅम्पचा कर बसवला. खरेदीखत असो, वर्तमानपत्र असो, पत्त्यांचा जोड असो की फासे, सगळ्यांवर सरकारी छाप हवा. वकील, छापखानेवाले आणि जुगारी यांची एकाच कायद्यात एकजूट करून दाखवणे हे येरागबाळ्याचे काम नोहे. ओरड झाली, तेव्हा पुढच्या वर्षी कर मागे घेतला. पण नुसती माघार घेतली तर लोक खरोखरच शांत होतील, हा धोका सरकारने वेळीच ओळखला, आणि वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करण्याचा आमचा अधिकार कायम आहे, असे सांगणारा दुसरा कायदा त्याच दिवशी मंजूर करून टाकला.

चहाच्या प्रकरणात तर या कर्तबगारीने कळस गाठला. १७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनी (तीच, आपली) कर्जात बुडालेली, गोदामांत चहा पडून. सरकारने तिला सवलत दिली आणि अमेरिकेत तिचा चहा चक्क स्वस्त झाला. फक्त पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तेवढा ठेवला. मोडता कामा नये असे काहीतरी तत्त्व त्यात होते म्हणे. स्वस्त माल गिऱ्हाइकाने संतापून समुद्रात फेकावा, ही किमया आपल्या बाजारपेठेतल्या कोणत्या व्यापाऱ्याला साधेल? १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या बुडाल्या. फेकणारे मूठभर होते. सरकारने उदार मनाने शिक्षा मात्र अख्ख्या गावाला दिली, बंदरच बंद केले. कोणाच्या बाजूने जावे या विचारात जे कुंपणावर बसले होते, त्यांचीही अडचण त्यामुळे दूर झाली. १७७५ मध्ये वसाहतींनी शेवटचा विनंतीअर्ज पाठवला. राजाने तो घेतलाच नाही. पुढच्या वर्षी त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केले.

एवढा अनुभव वाया जाऊ द्यायचा नाही, म्हणून १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण आलेल्या लॉर्ड कॉर्नवॉलिसला १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल करून आपल्याकडे पाठवले. हरलेल्या साहेबाची बदली मोठ्या जागेवर करण्याची रीत जुनी आहे, याची आजच्या वाचकांनी नोंद घ्यावी. १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणाहून माघार घेताना त्याची फौज उपाशी होती, ओढीचे बैल पटापट मरत होते. त्या वेळी मेलुकोट्याजवळ हरिपंत फडके आणि आपल्या तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन भरल्या बाजारासह येऊन पोचले. भाव चढे लावले असतील, पण धान्य दिले. अमेरिकेने घालवलेला साहेब आपण जगवला, एवढे श्रेय तरी या मुलखाने हक्काने घ्यावे.

साताऱ्यात ही परंपरा आणखी बहरली. १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंहांना गादीवरून काढले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला जाऊन बसले आणि चौदा वर्षे सनदशीर मार्गाने दाद मागत राहिले. अर्ज तपासून होण्याआधीच, १८४८ मध्ये, डलहौसीने दत्तक नामंजूर करून सगळे राज्यच खालसा केले. म्हणजे तक्रारीचे मूळच नाहीसे केले. १८५७ मध्ये गेंडामाळावर सतरा जणांना फाशी देऊन, तोफेच्या तोंडी देऊन, गोळ्या घालून मारले. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा होता. बापाच्या चौदा वर्षांच्या अर्जांना सरकारकडून मिळालेले हे एकमेव स्पष्ट उत्तर.

तरीही हे शास्त्र सगळ्याच अधिकाऱ्यांना साधत नाही, हे १९४२ साली दिसले. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा आला. हजारो शेतकरी, पायात वहाणा, पाठीला भाकरी. मामलेदाराने गांधी टोपी घातली, कचेरीवर तिरंगा चढला, जयजयकार झाला आणि लोक आपापल्या गावी परतले. राज्यकर्त्याच्या अंगी याहून बेजबाबदारपणा कोणता असावा? माणसे पेटायला तयार, आणि एका टोपीवर त्यांची समजूत काढली गेली.

सुदैवाने वडूजला ही चूक झाली नाही. ९ सप्टेंबरला वडगावचे परशुराम घार्गे झेंडा घेऊन पुढे चालत होते. गोळीबार झाला, नऊ माणसे गेली. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर उमाशंकर पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे पडले. कचेरीवर निशाण लावून संध्याकाळी घरी जाणाऱ्या शेतकऱ्याला मोर्च्याने भागत नाही हे दोन दिवसांत कळले. कोणत्याही भूमिगत पत्रकाला ते इतक्या थोडक्यात पटवता आले नसते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. नाना पाटील हे एकेकाळचे सरकारचेच तलाठी. त्यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. गावोगावी न्यायमंडळे बसली, कमी खर्चाची गांधी लग्ने लागली. १९४३ च्या जूनमध्ये पुणे-मिरज मार्गावर शेणोलीला प्रतिसरकारच्या तुफान सेनेने सरकारी पगाराची गाडी अडवली आणि जुलैत वसंतदादा सोबत्यांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले.

रंगाचा बेरंग केला तो औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. या राजाने १९३९ मध्ये, कोणी बंदूक रोखलेली नसताना, आपणहून कारभार प्रजेच्या हाती दिला. परिणाम काय झाला? राजाविरुद्ध उठाव नाही, गोळीबार नाही, हुतात्मास्तंभ नाही. उलट त्याच्याच राज्यातल्या कुंडलला इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारने ठाण मांडले. लोकांचे ऐकून घेतले की इतिहासाचे असे नुकसान होते.

तेव्हा सूचना अशी की मिरजेत एका मोक्याच्या जागी हेकेखोर राज्यकर्त्याचे स्मारक व्हावे. चेहरा कोणाचा यावर वाद नको. जागा मोठी ठेवावी, कारण भर पडतच राहील. खर्चासाठी नागरिकांकडे वर्गणी मागू नये, मागणे हाच या थोर परंपरेचा अपमान आहे. रक्कम परस्पर घरपट्टीत घालावी. हरकती आल्या तर त्या स्वीकाराव्यात, पोच द्यावी आणि निदान चौदा वर्षे विचाराधीन ठेवाव्यात.